लाल चिंधीची बादली

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच भाचा बोलला. मी गॅस बंद केला आणि नेसत्या साडीवर बोरी अरबची गाडी धरली. गाडीत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, कुठं निघालात म्हणून. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. एरवी मी गाडीत अनोळखी माणसाशी बोलत नाही असं कधी झालेलं नाही.

घरी पोचले तर ओट्यावर माणसं बसलेली, आत वहिनी भिंतीला टेकून. मला पाहून त्या रडल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "सगळं आटपून गेले, शोभाबाई. सकाळचं आटपलं, आंघोळ झाली, पांढरे कपडे घातले, चहा घेतला अन् खुर्चीतच मान टाकली. कोणाले काही कराले लावलं नाही." बाकीच्यांना ते नेहमीचं बोलणं वाटलं असेल. मला मात्र 'सकाळचं आटपलं' या दोन शब्दांनीच हुंदका फुटला. हे सकाळचं आटपणं भाऊनं कसं मिळवलं होतं ते वहिनींना आणि मला जेवढं ठाऊक, तेवढं त्या गर्दीत कोणालाच नव्हतं. शिवाय भाऊनं पैज जिंकली होती. "मी पोटानं जाणार नाही, पाहजो तू," असं तो मला सात-आठ वर्षं ऐकवत होता. पोटानं नाहीच नेलं त्याला, हृदयानं नेलं.

हा लेख माझ्या भावाच्या पोटाबद्दल आहे हे आधीच सांगून टाकते. आतड्याचं ऑपरेशन, त्यानंतरचं खाणंपिणं आणि संडास, याबद्दल रविवारच्या पुरवणीत चहा पिताना वाचायला ज्यांना जड जाईल त्यांनी खुशाल पान उलटावं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, वर्गात "बाई, जाऊ का?" म्हणून उठलेलं करंगळीचं बोट दिवसातून किती वेळा पाहिलं असेल. ज्या गोष्टीसाठी माणूस पहिलीपासून परवानगी मागतो तिच्याबद्दल साठीनंतर तोंड शिवून बसायचं, हे मला कधी पटलं नाही. भाऊला सुरुवातीला पटत होतं. त्याचीच ही गोष्ट.

देविदासभाऊ म्हणजे बोरी अरबची पंगत. शेती होती, कापूस आणि तूर, ती तो नीट करायचा. पण शेतकरी म्हणून त्याला गावच ओळखायचं, पंगतीचा माणूस म्हणून आजूबाजूची सगळी गावं. कोणाचंही लग्न असो, भट्टी पेटण्याआधी भाऊ तिथे. वांग्याच्या भाजीवर तर्री किती यावी, बुंदीचा पाक कधी उतरवावा, कोणत्या ओळीला आधी वरण जावं, सगळं त्याच्या नजरेवर चाले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर पांढरा गमछा. तिखट रश्श्याची बादली घेऊन तो पाच ओळी फिरला तरी कपड्यावर डाग नाही, हा त्याचा तोरा. आणि त्याचा आग्रह! आमच्याकडे पाहुण्याचं पोट भरलं म्हणजे काम संपत नाही, खरा पाहुणचार तिथून पुढे सुरू होतो. पाहुण्यानं पत्रावळीवर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून वाढायचं, पाहुण्यानं "अरे बाप्पा, मारता काय" म्हणायचं, आणि सगळ्यांनी हसायचं. भाऊच्या हातून सुटलेला पाहुणा मी पाहिलेला नाही. त्याच्या त्या आग्रहाला भिऊन माझे यजमान सासुरवाडीला जाताना सकाळपासून उपाशी राहायचे. ते लवकर गेले. त्यांच्यामागे माझ्या मुक्तीचं, म्हणजे लेक मुक्ताचं, शाळा-कॉलेज भाऊनं पाहिलं आणि तिच्या लहानपणापासून एकच गोष्ट तो घोकत राहिला... "मुक्तीचं लग्न बोरीत. मामा मीच अन् पंगतही माहीच."

तर अशा माणसाच्या पोटात दुखणं निघालं. रक्त पडायचं, त्याला वाटलं मूळव्याध. पंगतीतल्या तर्रीचा प्रसाद म्हणून त्यानं ते थट्टेवारी नेलं आणि कुठल्या कुठल्या पुड्या घेत बसला. वजन उतरलं तेव्हा वहिनींनी मला कळवलं, मी त्याला ओढत नागपूरला नेला. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटाकडे गाठ होती. ती काढली, आतडं जोडलं, आणि जोड सुकेपर्यंत पोटाच्या बाजूला वाट काढून तिथे पिशवी लावली. शुद्धीवर आल्यावर त्यानं पांघरूण उचलून पिशवीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता हा कोसळतो. तर म्हणतो, "पाहुणी आली म्हणायची. राहू दे, आपल्या घरी पाहुणा उपाशी गेला नाही कधी." काही महिने ती पाहुणी माझ्या यवतमाळच्या घरात आमच्याबरोबर राहिली. तिचं त्यानं सगळं निगुतीनं केलं. पाहुणीशी त्याचं जमलंच होतं म्हणा ना.

खरी कसोटी पिशवी काढून आतडं पूर्ववत केल्यावर लागली. आम्ही पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवसापासून भाऊ संडासात राहायला गेला. गेला, आला, बसला की पुन्हा उठला. कळ आली की मिनिटाचा धीर नाही, आणि कधी कधी कळसुद्धा नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे कोठार होतं, ते काढावं लागलं. आता माल साठायला जागा नाही. उरलेलं आतडं हळूहळू शिकेल, पण वर्षभर तरी धीर धरा. थोडं थोडं खा, सावकाश चावा, तिखट-तळलेलं नको, दूध नको, कच्चं नको, पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळात प्या. भाऊ सगळं ऐकून मला बाहेर आल्यावर म्हणाला, "पाहुणी गेली शोभे, पण जाताना घराचं दार उघडं टाकून गेली." मी हसले. तो हसला नव्हता.

बोरीला परतल्यावर त्याला भेटायला माणसांची रीघ लागली. इतकी वर्षं ज्यांना भाऊनं बोटांच्या फटीतून वाढलं, ते सगळे आता परतफेडीला आले. कोणी डिंकाचे लाडू, कोणी जवसाची चटणी, कोणी ताकद येते म्हणून कोंबडीचा रस्सा. "इतकुसा घे ना भाऊ, इतकुशानं काय होते?" इतकुशानं काय होते ते भाऊला ठाऊक होतं, पण हात आडवा धरणं त्याच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्याचा आडवा हात त्यानं कधी मानला नव्हता, मग आपला कोणत्या तोंडानं पुढे करणार? तो घ्यायचा, खायचा आणि रात्रभर फेऱ्या मारायचा. मी सुट्टीला जायचे तेव्हा दारात उभी राहून डबे परत पाठवायचे. गावात माझं नाव खाष्ट पडलं. पडू दे.

अशातच मुक्तीचं लग्न ठरलं. मुलगा पांढरकवड्याचा, माणसं चांगली. साखरपुडा त्यांच्याकडे, दिवाळीनंतर. भाऊनं मोठा विचार करून दिवस सुचवला, एकादशीचा. तो काही फार देवभक्त नव्हे. मी विचारलं, "एकादशीच काहून?" तर डोळे मिचकावून म्हणतो, "उपासाच्या माणसाले कोणी आग्रह करते काय? मी म्हणीन उपास हाय, एक केळ खाईन, वरतून ताक. पोटालेही आराम, तोंडालेही आराम." मला ती युक्ती भारी वाटली. आम्ही दोघं या मातीत वाढलेली माणसं, पण उपास म्हणजे पोटाला आराम, असं त्या दिवशी आम्ही खरंच धरून चाललो होतो.

पांढरकवड्याला पोचलो, भाऊ पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, मुलीचा मामा म्हणून मानाच्या जागी. "मामासाहेब, जेवायला चला." "नाई, माहा उपास हाय." झालं! मुलाकडच्या बायकांमध्ये एकदम धावपळ उडाली. मामांचा उपास आणि आपण काही केलं नाही? बघता बघता वेगळं ताट आलं. साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याच्या कुटानं भरलेली, वर हिरवी मिरची. भगर, तिच्यावर दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी, रताळ्याचा दुधातला कीस. आणि साध्या जेवणाला झाला नसता असा आग्रह, कारण उपासाला आग्रह करणं म्हणजे पुण्यच. मुलाची आजी स्वतः उठून वाढायला आली. भाऊ केविलवाणा होऊन माझ्याकडे पाहत होता. मी पुढे होऊन काही बोलणार तोच त्यानं डोळ्यांनी मला थांबवलं. मुलीची बाजू होती आमची. तो जेवला, सगळं जेवला.

मग ओट्यावर सुपारीच्या वेळी, दोन्हीकडची माणसं समोर बसलेली असताना, भाऊ उठायला गेला आणि... उठता उठताच झालं. पांढरा पायजमा होता.  सगळ्यांनी नजरा दुसरीकडे वळवल्या. फक्त मुलाच्या आईनं, आता त्या माझ्या विहीणबाई, झटकन आपली शाल भाऊच्या कमरेभोवती टाकली, "मामासाहेब, आत या," म्हणाल्या, न्हाणीत गरम पाणी दिलं आणि आपल्या यजमानांची धुतलेली लुंगी आणून दारावर टाकली. नंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. येताना गाडीत भाऊ मागच्या सीटवर लुंगी घट्ट धरून बसला होता. गाव आलं तेव्हा म्हणाला, "मुक्तीसाठी दुसरा मामा पाह्य. चुलत हायेत ना तुले."

त्या दिवसापासून त्यानं पांढरं घालणं सोडलं. वहिनी सांगायच्या, बाजारातून तपकिरी पँटी आणून घेतल्या, गावात जाणं बंद केलं, दिवसभर शेतातल्या खोलीत बसून असतात, कारण भोवती तूर उभी आहे आणि कोणी बघणारं नाही. कोणी लग्नाची सुपारी घेऊन आलं की बाहेरूनच परत. जेवण तर जवळपास सोडलंच. खाल्लंच नाही तर येणारच नाही, असा त्याचा हिशोब. तो खंगत चालला होता, आणि या वेळी ते आजारानं नव्हतं.

मी गेले. तुरीच्या शेतातून वाट काढत त्याच्या खोलीपर्यंत गेले आणि तपकिरी पँटीतला माझा भाऊ पाहून मला भयंकर राग आला. आम्ही तिथे कडाकडा भांडलो. मी म्हणाले, मुक्तीच्या मागे तूच उभा राहशील, नाहीतर लग्न कोर्टात करीन. तो म्हणाला, "मांडवात पाच-पन्नास खेपा संडासाले जाऊ काय? भटजी म्हणतीन मामा बोलवा, अन् मामा कुठं, तर संडासात! अन् जेवाले बसलो का पुन्हा थोच आग्रह. मी कोणाले नाई म्हणू?" मीही पेटलेली होते. म्हटलं, "कोणाच्या पंगतीत बसणार आहेस तू? जन्मभरात कोणत्या लग्नात तू पंगतीत बसून जेवलास, मला एक सांग!"

तो एकेक लग्न बोटांवर मोजायला लागला. खरंच आठवत होता बिचारा. वाढणारा सगळ्यात शेवटी जेवतो. भट्टी विझल्यावर, मांडवातल्या सतरंज्या उचलल्यावर, आपल्या आपण, कोपऱ्यात. त्याला कोणी आग्रह करत नाही, कारण आग्रह करणारे सगळे तोवर जेवून पान खात असतात. एवढ्या मोठ्या मांडवात भरल्या पोटाची सक्ती ज्याच्यावर नाही असा एकच माणूस असतो, ज्याच्या हातात बादली आहे तो. भाऊनं गवताची काडी तोडली, चावली आणि म्हणाला, "व्हय व... वाढणाऱ्याले कोण जेव म्हणते?" मग काडी थुंकून म्हणाला, "पण मामाचं काय? उभं तर राहा लागन."

"त्याला चार महिने आहेत," मी म्हणाले. "तू शेतकरी आहेस की नाही?"

ते माझ्या तोंडून सहज गेलं, पण भाऊनं ते धरलं. नवं बियाणं आलं की तो सबंध वावरात कधी टाकायचा नाही. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या, दोन तासांत, म्हणजे दोन ओळींत, लावून बघायचा. उगवलं, टिकलं, तर पुढच्या वर्षी जास्त. पोटाचंही त्यानं तसंच केलं. आधी मऊ भात, साधं वरण, ताक आणि केळं, एवढ्यावरच आला. पोट त्यावर शांत झालं तेव्हा एकेक जिन्नस 'लावून' बघायला लागला, एका वेळी एकच, आणि ज्या दिवशी कुठे जायचं नाही अशाच दिवशी. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून... लागली. उकडलेला बटाटा... लागला. दुधाचा चहा... करपला, तर कोरा. मेथी नाही. कोबीचं तर नाव नको. थंडीत तुरीच्या शेंगा भरल्या, आणि सोले-वांग्याची भाजी म्हणजे भाऊचा जीव. हिरव्या तुरीचे दाणे आणि कोवळी वांगी, त्यावर तो पोसलेला. एक दिवस राहवलं नाही, लावून बघितली. दुसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणाला, "पूर्ण पीक गेलं बाप्पा." पण आवाजात रडणं नव्हतं. नुकसान कुठं झालं हे कळलेल्या माणसाचा तो आवाज होता.

वेळेचंही त्याला उमगलं. खाल्लं की थोड्या वेळानं पोट हलतं, मग खाणंच वेळेवर बांधून टाकलं. पहाटे उठायचं, कोमट पाणी, थोडा मऊ भात, मग ओट्यावर निवांत बसायचं आणि सगळं आटपल्यावरच आंघोळ. घाई करायची नाही, कुंथायचं नाही, एकदा जाऊन आल्यावर पुन्हा वाट बघायची. त्यात दोन तास जायचे, जाऊ दे म्हणायचा. त्यानंतर दुपारपर्यंत तो मोकळा. आणि व्यायाम. डॉक्टरांकडच्या बाईंनी शिकवलं होतं, वारा रोखून धरतो तसं आतून आवळायचं, धरायचं, सोडायचं. हा व्यायाम बाहेरून कोणाला दिसत नाही याचं भाऊला भारी अप्रूप. चार लोकांत गप्पा मारता मारता करायचा. फोनवर मध्येच गप्प झाला की मी विचारायचे, "काय झालं रे?" तर म्हणायचा, "काई नाई, तू बोल, मी आवळून राह्यलो." मी शिक्षिका होते, पण असा विद्यार्थी मला मिळाला नाही.

लग्न वैशाखातलं. आदल्या दिवशी मी बोरीला पोचले तेव्हा वहिनी अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरा गमछा. मी पुढे होऊन गमछ्याचं दुसरं टोक धरलं. डॉक्टरांनी खास दिवसापुरती एक गोळी लिहून दिली होती, ती भाऊनं घेतली. पहाटे आपलं रोजचं सगळं सावकाश केलं. भटजींनी "मामा, मुलीला आणा" म्हटलं आणि माझ्या मुक्तीचा हात धरून भाऊ मांडवात आला. पांढऱ्या कपड्यांत, ताठ. मंगलाष्टकं चालू होती, भटजी काही केल्या आवरेनात, हौशी बायका आपापली कडवी म्हणायला पुढे सरसावत होत्या, आणि मी अक्षता टाकायच्या विसरून भाऊच्या चेहऱ्याकडे पाहत होते. एका क्षणी त्याचे डोळे मिटले, जबडा आवळला. मला कळलं, आवळून राह्यला आहे. त्यानं धरलं. शेवटची अक्षता पडली, वाजंत्री वाजली, भाऊनं मुक्तीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग, कोणतीही धावपळ न करता, एखाद्या राजासारखा घराच्या मागच्या बाजूला चालत गेला. परत आला तोही तसाच. येताना मला हळूच म्हणाला, "डाग नाई."

मग पंगत. त्या दिवशी भट्टीजवळ एक छोटी स्टीलची बादली वेगळी ठेवलेली होती. चुकून कोणी तिच्यात तर्री ओतू नये म्हणून भाऊनं तिच्या कडीला लाल चिंधी गुंडाळली होती. तिच्यात त्याचं स्वतःचं, शेवटी जेवायचं, मऊ भात, फोडणी न घातलेलं वरण आणि ताक एकत्र कालवलेलं. पहिली पंगत बसली. विहीणबाईंपुढे वाढणारी पोरं बुंदी घेऊन आली, विहीणबाईंनी हात आडवा केला. पोरं भाऊच्याच तालमीत तयार झालेली, ती कशाला ऐकतात? "विहीणबाईले सोडू नका!" असा एकच गलका झाला. विहीणबाई हसत होत्या, पण हात काढत नव्हत्या. भाऊ दुसऱ्या ओळीतून ते पाहत होता. तो आला, पोराच्या हातातला वाढायचा वगराळा बाजूला केला, जाऊन ती लाल चिंधीची बादली आणली आणि विहीणबाईंच्या आडव्या हाताच्या बाजूला, जिथे जागा मोकळी होती तिथे, दोन घास मऊ भात वाढला. काहून, ते विचारलं नाही. विहीणबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पांढरकवड्याच्या ओट्यावर त्यांनीही काही विचारलं नव्हतं. त्यांनी तो भात पूर्ण खाल्ला. त्यांना काय होत होतं ते मला आजतागायत माहीत नाही आणि मीसुद्धा, एवढी चौकस बाई, विचारलेलं नाही.

इतक्यात पुढच्या ओळीतून एक म्हातारेबुवा म्हणाले, "देविदास, थे काय हाय? मलेही दे थोडं." मग त्यांच्या शेजारच्यानं मागितलं. मग गर्भार होती ती एक पोरगी. भाऊ पाहतच राहिला. इतकी वर्षं बोटांच्या फटीतून त्यानं ज्यांना वाढलं, त्यांतल्या किती जणांचे हात खरेच आडवे होते हे त्याला त्या दिवशी कळलं. बादली पहिल्याच पंगतीत संपली. भाऊसाठी वहिनींनी पुन्हा भात टाकला.

पुढे बोरीत आणि आसपासच्या गावांत हा रिवाजच झाला. भाऊ जिथे पंगत पाहायचा तिथे त्याची अटच असायची, एक बादली साधी, आणि "ज्यानं हात आडवा केला त्याले दुसऱ्यांदा विचाराचं नाई". जुन्या लोकांनी कुरकुर केली, पंगतीची मजा गेली म्हणून. भाऊ म्हणायचा, "ज्याले मजा पाह्यजे त्याले दोनदा बुंदी वाढतो ना मी, तुमाले कोण अडवलं?" त्याचा स्वतःचा संकोचही पार निघून गेला. कुठेही गेला की चपला काढायच्या आधी मोठ्यानं विचारायचा, "संडास कुठं हाय?" मी एकदा टोकलं तर म्हणाला, "विचारून इज्जत जात नाई शोभे. न विचारता बसलो होतो ना त्या दिवशी, तवा गेलती." राळेगावहून, दारव्ह्याहून माणसं त्याच्याकडे यायची, आवाज खाली करून बोलायची, पोटाला पिशवी लागली आहे, आता काय करायचं. भाऊ त्यांना चहा द्यायचा आणि म्हणायचा, "पाहुणी हाय. नीट ठेवा तिले. गेल्यावर दार बंद कराले मी शिकवतो." वाईट दिवसही यायचे, अगदी शेवटपर्यंत. लग्नसराईत कधी एखादी पंगत त्यानं अर्ध्यावर सोडली, कधी आठवडा आठवडा भात-ताकावर काढला. पण तपकिरी पँटी त्यानं वहिनींना दिल्या, आणि वहिनींनी त्यांच्या पायपुसण्या केल्या.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा बोरीला गेले. तेराव्याला गर्दीत काही सुचलं नव्हतं. आता निवांत, भाऊची एक आठवण मागून घ्यावी असं मनात होतं. वहिनींनी जेवायला वाढलं. दोन घासांतच मी थांबले. त्या पळी घेऊन आल्या तसा मी हात आडवा केला. वहिनी, ज्यांनी मला माहेरपणाला आल्यावर कधी धड उठू दिलं नाही, त्यांनी पळी मागे घेतली आणि गुपचूप ताकाचा पेला जवळ सरकवला. तो ताकाचा घोट घेताना मात्र मला रडू आवरलं नाही. इतके दिवस मी शहाण्यासारखी वागले होते, पण त्या घोटाला भाऊ नाही हे मला पहिल्यांदा खरं खरं कळलं.

डोळे पुसून मी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडे गेले. तिथे दाराशेजारी एक खिळा आहे, त्याला ती बादली अडकवलेली असायची. मी वहिनींना म्हणाले, "वयनी, मले काही नको, फक्त भाऊची बादली न्यावं म्हणते."

वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. "थे घरी नाई, शोभाबाई," त्या म्हणाल्या. "लग्नाले गेली. काल मांडव टाकाच्या आधीच पोरं येऊन घेऊन गेले. उद्या आणून देतीन, पण परवा दुसऱ्या घरी लागते म्हणून सांगून ठेवलं हाय."

मी त्या खिळ्याकडे पाहिलं. रिकामा होता. मला त्याचं फार बरं वाटलं.